वळसंगच्या मास्तरांचं पळतं पद

४ ऑगस्ट, श्रावणातला सोमवार. सकाळपासून मी एका भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे काढत बसले होते. आकडे सोनेरी प्लास्टिकचे, डिंकाने पक्के बसवलेले. कोमट पाण्यात भिजवलेला बोळा एकेका आकड्यावर धरायचा, डिंक मऊ झाला की खालून शिवणाचा दोरा ओढायचा, आकडा सुटला की डबीत टाकायचा. चाकू, ब्लेड काही लावायचं नाही. कारण आकडे ज्याच्यावर बसवले होते ती लाखेची जुनी तबकडी होती, आणि तिच्यात एक माणूस गात होता.

हे घड्याळ कुणी केलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आमच्या सोलापुरात नाट्यपदांची एक समिती आहे. ती दरवर्षी एकाच पदाची स्पर्धा घेते. 'संगीत कुंकुमकलह' या नाटकातलं 'उंबऱ्याशी दीप ठेविला' हे ते पद. नाटक कुणाला आठवत नाही, त्याचं पुस्तकही समितीकडे नाही. पद मात्र उरलं. ते पहिल्यांदा गायले वळसंगचे मास्टर गुरुसिद्ध. नाटकात ते नायिकेचं काम करत. गेल्या वर्षी समितीने त्यांच्या मुलीचा, शिवलीलाअक्कांचा, सत्कार ठरवला. प्रदर्शनात मांडतो म्हणून मास्तरांची घरात राहिलेली एकुलती एक तबकडी मागून नेली आणि सत्काराच्या दिवशी स्मृतिचिन्ह म्हणून परत दिली, घड्याळ करून. मधल्या भोकातून यंत्र घातलेलं, कडेने आकडे, मध्ये समितीचं बोधचिन्ह. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, आम्ही काळाला सूर दिला.

त्यांचा हेतू चांगला होता. माझ्या धंद्यात सगळी नासधूस चांगल्या हेतूनेच झालेली असते.

धंदा साधा आहे. भवानी पेठेत दुकान आहे. पुढच्या भागात नवरा मोबाईलची कव्हरं विकतो, मागच्या खोलीत माझी यंत्रं. लोक जुने आवाज घेऊन येतात: तबकड्या, टेपची भेंडोळी, कॅसेटी. मी त्या धुते, जोडते, वाजवते आणि पेनड्राइव्हवर घालून देते. यात कला वगैरे फारशी नाही. धुण्याभांड्यासारखं काम आहे. हात हलका पाहिजे आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर हसू दाबता आलं पाहिजे.

ते नेहमी जमत नाही. कोरोनाच्या दिवसांत एकजण आजोबांच्या तबकड्या सॅनिटायझरने पुसून घेऊन आला. लाख स्पिरिटात विरघळते. त्याने माझ्यासमोर काळ्या लगद्याची पिशवी ठेवली. "जंतू तरी मेले की," म्हणाला. मी म्हटलं, आजोबापण. एका बाईंना लग्नाच्या कॅसेटमधून नणंदेची मंगलाष्टकं तेवढी काढून हवी होती. मी काढली. पण नणंद गात असताना मागे भटजी 'सावधान' म्हणाले होते, तेही गेलं. बाईंनी घरी जाऊन ऐकलं आणि फोन केला, "आता आमचं लग्न झालेलं ऐकूच येत नाही हो." मी विचारलं, परत घालू का नणंदेला? नको म्हणाल्या.

तर, पद.

'उंबऱ्याशी दीप ठेविला'ची कहाणी मी माझ्या टेबलावर आलेल्या मालावरून सांगते. पहिली मास्तरांची लाखेची तबकडी. मग रेडिओवरच्या एका गायिकेने त्या तबकडीवरून बसवलेलं पद. मग समितीच्या जुन्या, आता हयात नसलेल्या संस्थापकांनी कुणाच्या तरी विजेवरच्या यंत्रावर तबकडी लावून टेपवर घेतलेली प्रत. त्या टेपवरून निघालेली कॅसेट, जी सोलापूरच्या निम्म्या घरांत होती. कॅसेटवरून बँडवाल्यांनी उचललेली चाल: वरात निघताना हेच वाजतं, आणि पोरं त्यावर नाचतात. त्याच चालीवर एक भजन आहे. एक निवडणुकीचं गाणं आहे, त्यात उंबऱ्याशी दीपाच्या जागी उमेदवार उभा आहे. हल्ली मोबाईलची रिंगटोन.

हे सगळे प्रकार एका बाबतीत सारखे आहेत. सगळे धावत आहेत. आणि सगळे पांढरी चारमध्ये आहेत. बाहेरच्यांसाठी सांगते, पेटीच्या ज्या पट्टीला 'सा' धरून माणूस गातो ती त्याची पट्टी. पांढरी चार बायकांना चालते. पुरुषांचे हाल होतात. पण समितीचा नियम आहे की पद 'मूळ पट्टीत आणि मूळ लयीत' गायचं, आणि मूळ म्हणजे कॅसेटमधलं. त्यामुळे दरवर्षी ऑगस्टमध्ये आमच्या गावातले धडधाकट पुरुष ज्येष्ठमध चघळत फिरतात आणि स्पर्धेनंतर आठवडाभर खुणांनी बोलतात. समितीचे एक प्रायोजक घशाचे डॉक्टर आहेत.

समितीचे अध्यक्ष हंजगीकर सर निवृत्त प्राचार्य आहेत. त्यांनी या पदावर जाड पुस्तक लिहिलंय. त्याचा गाभा असा की नायिका उंबऱ्याशी दिवा ठेवून नवऱ्याची वाट बघते, तिची ती उतावीळ, ती धांदल मास्तरांनी लयीत पकडली. सर त्याला 'लगबगीचं सौंदर्य' म्हणतात. विद्यापीठात त्यावर प्रश्न येतो. आणि पुरुष असून स्त्रीला लाजवेल असा नाजूक आवाज, यावर सरांचं वेगळं प्रकरण आहे.

आता परत सोमवारकडे येते. मी आकडे काढत होते आणि शिवलीलाअक्का माझ्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोक्यावर पदर, कपाळाला विभूती. सकाळच्या गाडीने वळसंगहून आल्या होत्या, घड्याळ टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन. सोबत त्यांचा मुलगा नागेश, साठीचा, गावात बी-बियाणांचं दुकान. तो उभाच होता. त्याला हे सगळं पसंत नव्हतं.

झालं होतं असं. या वर्षी समिती 'मूळ आवाज' नावाचा पेनड्राइव्ह काढणार होती, त्या जुन्या टेपवरून. प्रती करायचं काम माझ्याचकडे होतं. प्रकाशन रविवारी, अक्कांच्या हस्ते. त्यांनी माइकवर 'हा माझ्या वडिलांचा आवाज' एवढंच म्हणायचं. तालमीला म्हणून सर वळसंगला गेले, आवाज ऐकवला, आणि अक्का म्हणाल्या, "ह्यो माझा बाप न्हाय."

आधी सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

"वहिनी, तुमीच सांगा," नागेश मला म्हणाला. "सरांनी मला कॉलेजात शिकवलंय. एवढा मोठा माणूस. त्यांच्यासमोर ही म्हणती, कुणीतरी बाई गातीय. काल देवाला दिवा लावला का इचारतीय दोनदोनदा. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय मी, येत्या सोमवारची."

"दिवा दोनदा इचारला कारण तू दोनदा इसरला," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मला त्या तंगी म्हणतात, कानडीत धाकटी बहीण. "तंगी, गुडगं गेलं, डोळं गेलं. कान हायत. तू ह्यातला माणूस ऐकीव. तरीबी माझा बाप नसंल तर मी गप डाक्टरकडं जाते. गोळ्या खाते."

नागेशचा फोन वाजला. रिंगटोन तीच, 'उंबऱ्याशी दीप ठेविला', घोडागाडीच्या चालीत.

"बंद कर ते," अक्का म्हणाल्या.

तबकडी मोकळी झाली तेव्हा कळलं, घड्याळाचा दांडा जावा म्हणून भोक कोरून मोठं केलंय, आणि तिथून एक बारीक चीर बाहेर गेलीय. भोकात कागदाची कडी बसवून मी ती यंत्रावर मध्यभागी आणली, सुई बदलली आणि लावली. चिरेवरून सुई गेली की टक आवाज यायचा, दर फेऱ्याला एकदा. घड्याळ पुरतं निघालेलं नव्हतं म्हणायचं.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ठरलेल्या वेगाला पद सुरू झालं. तेच, कॅसेटमधलं. बायकी, उंच, धावतं. नागेशने हात पसरले, म्हणजे बघा. अक्का जमिनीकडे बघत होत्या.

पण तबकडीत एक गोष्ट होती जी टेपवर आणि कॅसेटवर नव्हती. त्या काळी पद संपलं की गाणारा स्वतःचं नाव सांगायचा. गाणी घेणारी कंपनी परदेशात तबकड्या करायची, तिथल्या माणसांना कोण गातंय हे समजावं म्हणून ती पद्धत होती. आपल्याकडच्या प्रती करणाऱ्यांना ते बोलणं अडाणी वाटलं, त्यांनी कापून टाकलं. इथे ते होतं. पद संपलं आणि एक चिरका, नाकातला आवाज घाईघाईने म्हणाला, "मास्टर गुरुसिद्ध, मुक्काम वळसंग."

नागेशला हसू फुटलं. "कोंबडीगत की."

मला हसू आलं नाही, कारण गाणं कुठल्याही वेगाला खपून जातं, बोलणं खपत नाही. माणूस असं बोलत नाही. कोंबडीसारखं बोलणारा माणूस नाटक कंपनीत नायिका सोडा, मशालजीसुद्धा झाला नसता.

जुन्या तबकड्यांचा वेग ठरलेला नसायचा. कंपनीची माणसं गावोगाव फिरून, लॉजची एखादी खोली घेऊन गाणी घ्यायची. यंत्र टांगलेल्या वजनाच्या ओढीने चालायचं. कुठे भरभर, कुठे सावकाश. घरोघरच्या चावीच्या यंत्रांना एक स्क्रू असायचा, तो फिरवून लोक आवाज माणसाचा वाटेपर्यंत वेग कमी-जास्त करायचे. ते घरातल्या कर्त्या माणसाचं काम असे. विजेची यंत्रं आली, वेग पक्का झाला, स्क्रू गेला. सावकाश घेतलेलं गाणं ठरलेल्या वेगाला लावलं की ते धावतं आणि वर चढतं.

माझ्या यंत्राला वेगाची सरकपट्टी आहे. मी सुई पुन्हा शेवटच्या बोलण्यावर ठेवली आणि अक्कांना म्हटलं, तुम्ही सांगा.

"मास्टर गुरुसिद्ध, मुक्काम वळसंग."

"खाली," अक्का म्हणाल्या.

पट्टी थोडी सरकवली. पुन्हा सुई.

"आनी खाली."

असं बरंच चाललं. एकदा मी फार खाली नेलं तर त्या म्हणाल्या, "आता पिलेला वाटतुया. पीत नव्हते." मी वर आणलं. आणि एका जागी, दर फेऱ्याच्या त्या टक आवाजासकट, एक जाडसर, दमदार, शांत माणूस म्हणाला, "मास्टर गुरुसिद्ध, मुक्काम वळसंग."

अक्कांनी हात वर केला.

"थांब. हे. हे जेवायला बसल्यावर बोलायचे ते."

मी पट्टीला हात न लावता पद पहिल्यापासून लावलं. पद तेच होतं, पण त्यात आता कुणी धावत नव्हतं. एक पुरुष, बाईच्या वेशातला पण उघड पुरुष, दिवा ठेवून बसला होता. त्याला घाई नव्हती, कारण येणारा येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. सरांच्या पुस्तकातली लगबग कुठेच नव्हती. मी पेटी जवळ घेऊन सूर लावून बघितला. काळी दोन. बरोबर पट्टीवर. म्हणजे वेग वाढून पद नेमकं दोन पट्ट्या वर सरकलं होतं आणि तिथेही पट्टीवरच बसलं होतं. दोन पट्ट्यांच्या मधे लटकलं असतं तर कुणाला तरी शंका आली असती.

"अंतऱ्यात खोकला गिळलाय बघ," अक्का म्हणाल्या. "तंबाकू."

मी पुन्हा ऐकलं. गिळला होता.

नागेश स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, "वाटतंय खरं तसं. पर सर काय म्हणतेत बघू. आवाजातलं आपल्याला काय कळतंय." डॉक्टरची वेळ त्याने रद्द केली नाही.

मंगळवारी हंजगीकर सर पेनड्राइव्ह न्यायला आले. मी त्यांना दोन्ही ऐकवलं. सर हुशार आहेत. त्यांना दुसऱ्या ओळीलाच समजलं, आणि त्यांचा चेहरा आधी खरोखर आनंदाने उजळला. कान असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मग त्यांना ते अध्यक्ष असल्याचं आठवलं.

"ताई, विलक्षण आहे," ते म्हणाले. "पण मास्तर तेव्हा तरुण होते. तरुणपणी आवाज चढा असतो."

"बोलतानाही?"

सरांनी चष्मा पुसला.

"सांगोल्याचा एक शिक्षक गेल्या वर्षी काळी दोनमध्ये गायला," ते म्हणाले. "फार सुंदर गायला. मूळ पट्टी सोडली म्हणून आम्ही त्याला बाद केलं. त्याला मी आता काय सांगू? आणि आजवरचे सगळे विजेते? त्यांच्या ढाली परत मागू?"

"मागू नका. पुढच्या वर्षी नियम बदला."

"ताई, खरं वेगळं आणि मूळ वेगळं. गावाने ज्याच्यावर प्रेम केलं ते मूळ. हे तुमचं नुसतंच खरं आहे."

मी दाद दिली. असं वाक्य पटकन सुचायला शिक्षण लागतं.

तरी मी त्यांना म्हटलं, पेनड्राइव्हवर जागा भरपूर आहे, दुसरं म्हणून हेही घालते. ते म्हणाले, समितीला विचारतो. बुधवारी निरोप आला. समितीने संथ प्रतीची दखल घेतली असून तिला 'वळसंग पाठ' असं नाव दिलं आहे, आणि अभ्यासासाठी उपसमिती नेमली आहे. उपसमितीत घशाचे डॉक्टर होते. पेनड्राइव्हवर मात्र मूळच राहील.

सांगितलेल्या प्रती मी करून दिल्या. चोरून त्यात दुसरं काही घातलं नाही. गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढं करायचं हा माझा नियम आहे, नणंदेच्या वेळीही तोच होता. या वेळी त्याचं थोडं वाईट वाटलं. फार नाही.

रविवारी सकाळचा कार्यक्रम. सभागृह भरलेलं. मी पेनड्राइव्हच्या टेबलामागे उभी. स्पर्धक एकामागून एक धावून गेले. एका तरुणाचा आवाज अंतऱ्यात फाटला तेव्हा लोकांनी हळहळ करून टाळ्या दिल्या, परीक्षकांनी मान डोलावली: पट्टी सोडली नाही. मग अक्कांना व्यासपीठावर आणलं. शाल, नारळ, हार. यंदाचं स्मृतिचिन्ह लाकडाचं होतं, ते मी आधी बघून घेतलं.

नागेश पहिल्या रांगेत बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून. सभागृहात पद वाजवलं गेलं, धावतं. सरांनी माइक अक्कांच्या तोंडापुढे धरला आणि फार आदराने विचारलं, "अक्का, हा आपल्या वडिलांचाच आवाज ना?"

नागेश अर्धवट उठला.

"आवाज माझ्या बापाचा हाय," अक्का म्हणाल्या. "पर माझा बाप सावकाश गायचा. तुमी त्याला गाडी चुकल्यागत गायला लावलंय. पाणी बी पिऊ दीना झालाय."

सभागृह हसलं, मनापासून, आणि टाळ्या वाजू लागल्या. सरांनी माइक अलगद मागे घेतला. "या वयातही अक्कांची विनोदबुद्धी शाबूत आहे," ते म्हणाले. "आणि आवाज वडिलांचाच, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय." आणखी टाळ्या. पेनड्राइव्ह सगळे खपले. संध्याकाळपर्यंत एका वार्तापत्राचा मथळा मोबाईलवर फिरत होता: मूळ आवाजावर कन्येचं शिक्कामोर्तब.

जाताना अक्का माझ्या टेबलापाशी थांबल्या. मी म्हटलं, तुमचं कुणी ऐकलं नाही.

"हसले की," त्या म्हणाल्या. "न ऐकता कसं हसतील."

"उद्या डॉक्टर?"

"नागेशाला इचार." तो शालीचा खोका धरून मागे उभा होता. त्याने मान खाली घातली. दोघं बसस्टँडकडे गेले. तबकडी माझ्याकडेच होती. ती चीर आणखी वाढू नये म्हणून जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात उभी ठेवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर अर्धं वर केलं तर खाली चपला दिसल्या. नागेश. एकटाच.

"अक्का कुठंय? डॉक्टर?"

"घरी हाय. न्हाई नेलं." तो आत आला. स्टुलावर बसला नाही. "काल जेवताना फोन वाजला, वहिनी. गाणं वाजायला लागलं आणि आई म्हणाली, उचल की, दमला तो. आणि मला बी तसंच ऐकू आलं. रातभर फोन येतच होते, अभिनंदनाचे. प्रत्येक येळी तसंच. आता दुसरं ऐकूच येत न्हाय मला."

"मग हे सावकाश गाणं घालून देऊ?"

"गाणं नको. बोललेलं घाला. तेवढंच."

मी त्याचा फोन घेतला आणि घालून दिलं. बरोबर वाजतंय का ते बघायला त्याच्या हातात फोन देऊन माझ्या फोनवरून रिंग दिली. त्याने तो सवयीने खिशात टाकला होता. सदऱ्याच्या खिशातून एक जाडसर, शांत आवाज आला, मागे एक टक: मास्टर गुरुसिद्ध, मुक्काम वळसंग. नागेशने फोन काढला नाही. मी तीनदा रिंग दिली, मग पुरे म्हटलं, कारण नवऱ्याला पुढे गिऱ्हाईक आलं होतं.

तो गेल्यावर मी शटर पूर्ण वर केलं. टेबलावर सोनेरी आकड्यांची डबी तशीच पडली होती. आकडे केराच्या बादलीत ओतले. डबी चांगली होती, घट्ट झाकणाची. पुसून तिच्यात सुया ठेवल्या.